डब्लिनमध्ये राहून आयरिश शिकायची असेल तर

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: “आयरिश म्हणजे इंग्रजीच ना, फक्त उच्चार वेगळे?” नाही हो. ही केल्टिक कुळातली स्वतंत्र भाषा आहे. १९३७ च्या राज्यघटनेतल्या आठव्या कलमानुसार ती देशाची पहिली राजभाषा, इंग्रजी दुसरी. रस्त्यांवरच्या पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश आणि खाली इंग्रजी असते. बसवर ‘अन लार’ लिहिलेलं दिसलं की ती शहराच्या मध्यात जाणार.

एवढं असूनही दुकानात, दवाखान्यात ती सहसा कानावर पडत नाही. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे ४० टक्क्यांनी, आयरिश येते असं सांगितलं. शिक्षणाबाहेर रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आत. शिकायला बसण्याआधी हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. पुस्तकं, ॲप यांना तोटा नाही. बोलायला माणूस शोधावा लागतो.

ही वेळ एका दिवसात आली नाही. जमिनी आणि सत्ता इंग्रजांकडे गेल्या, १८३१ पासून सरकारी शाळा इंग्रजीत सुरू झाल्या. काही ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवायचे. तो आयरिश बोलला की तिच्यावर एक खाच, आणि खाचा मोजून मार. त्यात १८४५ ते १८५२ चा दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि सगळ्यात जास्त फटका पश्चिमेकडच्या गरीब आयरिशभाषक भागाला बसला. परदेशी जायचं तर इंग्रजी हवी, म्हणून आईबापच मुलांशी घरची भाषा बोलेनासे झाले.

१८९३ मध्ये डग्लस हाइड आणि सहकाऱ्यांनी गेलिक लीग ही आयरिश जगवण्यासाठीची संस्था काढली आणि वारं फिरलं. पण विरोध घरातूनही होता. १८९९ मध्ये शाळांतल्या आयरिशबद्दल चौकशी चालू असताना ट्रिनिटी कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली. गंमत अशी की त्यांचेच विद्यार्थी जॉर्ज ग्रिअर्सन, मूळचे डब्लिनचे, यांनी भारताच्या भाषा सर्वेक्षणात मराठीला १९०५ मध्ये अख्खा खंड दिला! हाइड पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आता शिकण्याबद्दल. आपल्याला नडतं ते स्पेलिंग. ‘बी-एच’ दिसलं की आपण सवयीने ‘भ’ वाचतो, ‘एम-एच’ला ‘म्ह’. आयरिशमध्ये दोन्हींचा उच्चार साधारण ‘व’. म्हणून सुरुवातीला वाचू नका, ऐका. टीजी४ वाहिनी आणि रेडिओ ना गेल्टाख्ता फुकट आहेत. दुसरं, एक बोली धरा, कारण प्रांताप्रांतात ती बदलते. “कसा आहेस?” हे मन्स्टरमध्ये ‘कनस ता तू’, कॉनाक्टमध्ये ‘के ही विल तू’, अल्स्टरमध्ये ‘गजे मार ता तू’. तिन्ही एकदम शिकायला गेलात तर एकही धड येत नाही. मी कॉनाक्टची धरली, कारण वर्गातल्या बाई त्याच प्रांतातल्या कॉनेमाराच्या होत्या. एवढं कारण पुरतं.

हारकोर्ट स्ट्रीटवर गेलिक लीगचं कार्यालय आहे, त्याच्याच तळघरात त्यांचा क्लब. तिथे मोडकंतोडकं बोललात तरी कोणी हसत नाही, उलट “भारतातून आलात आणि आयरिश?” म्हणून खुर्ची पुढे सरकते. सुट्टी मिळाली तर वायव्येकडच्या डोनेगल परगण्यातल्या ग्लेनकोलमकिल गावाला जा. प्रौढांसाठी तिथे १९८४ पासून वर्ग चालतात. माझ्या मते तिथला एक आठवडा ॲपवरच्या वर्षाला भारी पडतो.

नोकरीसाठी शिकणार असाल तर नीट चौकशी करा. बी.एड. करून आलेल्यांना इथल्या प्राथमिक शाळेत पूर्ण मान्यता हवी तर आयरिशची पात्रता लागतेच. युरोपीय संघात ही २००७ पासून अधिकृत भाषा आहे, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे तिला पूर्ण दर्जा मिळाल्याने अनुवादकांना मागणी वाढली. २०३० पर्यंत सरकारी भरतीत २० टक्के लोक आयरिश जाणणारे असावेत, असंही २०२१ च्या कायद्यात आहे. आयटीत मात्र तिचं काही अडत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर मेनूथ विद्यापीठाची टीईजी परीक्षा द्या. तिच्यात बोलण्याला भरपूर गुण असतात, तेव्हा तयारी तोंडाने करा, वहीत नको.