नर्सिंग शिकता शिकता हॉस्पिटलमध्ये सवडीची नोकरी कशी मिळवावी

जाहिरातीत ‘वेळ लवचिक’ असे छापलेले असते, तेव्हा ती लवचिकता बहुधा हॉस्पिटलच्या सोयीची असते. त्यांनी बोलवायचे आणि तुम्ही धावायचे. म्हणून आधी कॉलेजचे वेळापत्रक समोर घ्या. लेक्चर, क्लिनिकल पोस्टिंग (शिकण्यासाठी वॉर्डात लागणारी पाळी), परीक्षा आणि झोप वजा करून काय उरते ते बघा. आठवड्याला एक, फार तर दोन ड्यूट्या निघतील. त्यापेक्षा जास्त निघत असतील तर अभ्यासाचे तास धरायचे राहिले आहेत.

कागदपत्रे लगेच सुरू करा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासतात. हे घाईने उरकता येत नाही. बीएलएसचे (हृदय किंवा श्वास बंद पडल्यास करायच्या प्राथमिक जीवरक्षक उपचारांचे) प्रमाणपत्र आणि क्षयरोगाची तपासणीही बहुतेक ठिकाणी मागतात.

आता काम कोणते घ्यायचे. शिकण्यासाठी रुग्णसाहाय्यकाचे काम सर्वांत उत्तम: स्पंजिंग, दर दोन तासांनी कूस बदलणे, व्हायटल्स (नाडी, ताप, रक्तदाब, श्वास), इनटेक-आउटपुट चार्ट (शरीरात किती द्रव गेले आणि किती बाहेर आले याची नोंद). रक्ताचे नमुने घेण्याचे काम (त्याचे प्रशिक्षण वेगळे असते) पहाटे सुरू होते आणि पुष्कळदा लेक्चरच्या आधी संपते. सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात, उपकरणे धुणे, पॅक करणे आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) लावणे असते. वॉर्डची दगदग नको असेल तर हे बरे. गोंधळलेल्या रुग्णाजवळ रात्रभर बसण्याच्या कामाबद्दल ‘तिथे अभ्यास होतो’ असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. तुमचे डोळे पुस्तकात गेले की रुग्ण आयव्ही (सलाइनची नळी) उपसतो किंवा पलंगावरून उतरायला जातो, आणि ते होऊ नये म्हणूनच तर तुम्हाला तिथे बसवलेले असते.

चौकशी करायची तर पोस्टिंग झालेल्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे करा. तुमचे काम त्यांनी पाहिलेले असते. हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणे) आणि डॉक्टरांच्या राउंडची वेळ मात्र टाळा. अर्ज वगैरे नंतर होतोच.

खरी गोम आहे अटी ठरवण्यात. इथे भिडस्तपणा केला की पुढचे सहा महिने रोज फोन वाजतो.

पहिला प्रश्न: रोस्टर (ड्यूट्यांचे वेळापत्रक) कधी लागते? वॉर्डचे रोस्टर काही आठवडे आधी तयार होते आणि कॉलेजचे पोस्टिंग त्यानंतर बदलते. निम्मी भांडणे यातूनच होतात. त्यामुळे ‘मी केव्हाही येऊ शकते’ हे वाक्य तोंडातून काढू नका. मोकळे दिवस लिहून द्या, परीक्षेच्या तारखांवर फुली मारा आणि कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. तोंडी ठरलेले इन्चार्ज बदलल्या की हवेत विरते.

दुसरा प्रश्न: महिन्याला किमान किती ड्यूट्या कराव्याच लागतील? ‘बोलावू तेव्हा’ पद्धतीच्या यादीत (गरज पडेल तेव्हा बोलावायच्या माणसांच्या यादीत) नाव असले तरी असा आकडा बहुधा असतो, शिवाय शनिवार-रविवार आणि सणांच्या ड्यूट्यांचा वेगळा. आकडा न विचारता सही केली तर ऐन परीक्षेच्या महिन्यात तो आठवण करून दिला जातो. यादीतल्या कामात नकार देता येतो, पण उत्पन्नाची खात्री नसते. ठरावीक अर्धवेळ नोकरीत पगाराची खात्री असते, पण नकार महाग पडतो. फी पगारातून भरायची असेल तर अर्धवेळ घ्या, नाहीतर यादी. दोन्हीचे फायदे एकत्र देण्याचे कबूल करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरा: ड्यूटी रद्द झाली तर? तुम्ही किती तास आधी कळवायचे, आणि त्यांनी आयत्या वेळी रद्द केली तर पैसे मिळणार का, हे दोन्ही विचारा. बदलीचा माणूस कोणी शोधायचा हेही. शक्यतो ती जबाबदारी अंगावर घेऊ नका.

चौथा: दुसऱ्या वॉर्डात पाठवतील का? पाठवणार असतील तर तिथली ओळख करून दिल्याशिवाय एकटे सोडणार नाहीत, असे कबूल करून घ्या.

कामाची हद्द पाळा. कॉलेजमध्ये इंजेक्शन द्यायला शिकला असलात तरी साहाय्यक म्हणून ड्यूटीवर असताना ते देता येत नाही. पोस्टिंगमध्ये देखरेख असते, ड्यूटीत ती नसते. कोणी ‘तुला येतं ना, दे पटकन’ म्हटले तर ‘या पदावर मला परवानगी नाही, सिस्टर’ एवढेच म्हणा आणि तिथेच उभे राहून दुसरी मदत विचारा.

नाइट करून थेट पोस्टिंगला जाऊ नका. सतत 17 तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया साधारण 0.05 टक्के रक्त-अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. अशा अवस्थेत सुया टोचतात आणि औषधांच्या मात्रा चुकतात.

पहिल्या पगाराची स्लिप नीट तपासा. रात्रपाळीचा भत्ता आणि हँडओव्हर लांबल्यामुळे झालेले जास्तीचे तास त्यातून हमखास गळतात. ड्यूटीवर आल्या-गेल्याची वेळ स्वतः लिहून ठेवलेली असेल, तरच ते मागता येतात.