बदलत्या व्होल्टेजचा पॉवर सप्लाय : घेण्याआधी, बांधण्याआधी

सगळ्यात आधी कागद घ्या आणि या सप्लायवर काय काय चालवायचे आहे ते लिहून काढा. प्रत्येक वस्तूसमोर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही टाका. मायक्रोकंट्रोलर ३.३ किंवा ५ व्होल्टचा, रिले १२ चा, असे करत गेलात की घरच्या बहुतेक कामांना ० ते १५ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर पुरतात, हे दिसेल. मोटर असेल तर तिचा सुरू होतानाचा करंट धरा. तो चालू मोटरच्या कितीतरी पट असतो.

मग विकतचा की घरी बांधलेला, ते ठरवा. माझे मत स्पष्ट आहे: करंट लिमिट, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपुढे करंट जाऊ न देण्याची सोय, नसलेला सप्लाय प्रयोगांसाठी घेऊ नका आणि बांधूही नका. नव्या सर्किटमध्ये एखादी तार उलटी लागतेच. लिमिट ५० मिलीअँपिअरवर असेल तर व्होल्टेज खाली बसते, आयसी बहुधा वाचतो आणि चूक शोधायला वेळ मिळतो. तेव्हा विकत घेताना व्होल्टेज आणि करंट यांची वेगवेगळी बटणे आहेत का ते पाहा. सप्लाय चालू ठेवून फक्त आउटपुट बंद करता येते का, तेही बघा. दुकानातच मल्टीमीटर लावून, सप्लाय चालू-बंद करताना आउटपुट क्षणभर उसळते का ते तपासा. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला ती उसळी महागात पडते.

बांधायचाच असेल तर पहिल्या खेपेला घरच्या विजेची बाजू स्वतः जोडू नका. तयार, चांगल्या प्रतीचा १८ किंवा १९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर घ्या आणि त्यापुढचे सर्किट बांधा. ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्याने फेज तारेत फ्यूज, धातूच्या पेटीला पक्के अर्थिंग आणि प्रत्येक जोडावर इन्सुलेशन, या तिन्हींची तयारी आधी करावी. सेकंडरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूचे १५ व्होल्ट एसी, ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर साधारण २० व्होल्ट डीसी होतात. लोड, म्हणजे करंट घेणारी वस्तू, नसताना ते आणखी चढतात, म्हणून कपॅसिटर ३५ व्होल्टचा आणावा. १ अँपिअर डीसी हवा असेल तर ट्रान्सफॉर्मर २ अँपिअरचा घ्यावा.

व्होल्टेज हवे तेवढे ठरवून स्थिर ठेवणारा एलएम३१७ हा जुना आणि भरवशाचा आयसी. तो १.२५ व्होल्टपासून वर देतो, शून्यापर्यंत उतरत नाही. इनपुट आउटपुटपेक्षा निदान ३ व्होल्ट जास्त ठेवा. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे लोड नसतानाही त्याला लागणारा किमान करंट मिळतो. त्याच्या आत स्वतःचे संरक्षण आहे, पण ते दीड अँपिअरच्या वर जागे होते. नाजूक सर्किटला त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवी ती करंट लिमिट वेगळी बांधावी लागते.

खरी तयारी लागते ती उष्णतेची, आणि नेमकी तीच राहून जाते. २० व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, करंट १ अँपिअर: उरलेल्या १५ व्होल्टचे १५ वॅट आयसीतच जळतात. चिमुकल्या हीटसिंकचे (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याचे) हे काम नाही. भरपूर पंखांचा हीटसिंक आणा, तो पेटीबाहेर बसवा. शिवाय या आयसीच्या पाठीचा धातू आउटपुटला जोडलेला असतो, त्यामुळे आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये वीज अडवणारा मायकाचा पातळ तुकडा आणि इन्सुलेटिंग वॉशर विसरू नका. जास्त करंट आणि कमी व्होल्टेज असेच काम नेहमी असेल तर बक कन्व्हर्टर मॉड्यूल (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारे तयार सर्किट) बरे. उष्णता कमी, मात्र आउटपुटवर थोडी खरखर राहते. ऑडिओच्या कामाला मी लिनिअरच, म्हणजे एलएम३१७ सारखाच, सुचवेन.

व्होल्टेज फिरवण्याचा पोटेन्शिओमीटर (बटण फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) चांगला घ्या. त्याचा सरकता संपर्क सुटला तर एलएम३१७ चे आउटपुट एकदम वर जाते.

वायर, टर्मिनल, मीटर यांत विशेष काही नाही. लाल-काळा रंग मात्र पाळा.

पहिल्यांदा चालू करताना लोड लावू नका. व्होल्टेज खालपासून वरपर्यंत फिरवून मल्टीमीटरवर पाहा. मग १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून ५ व्होल्टवर चालवा. अर्धा अँपिअर वाहायला हवा. तोच १२ व्होल्टवर ठेवू नका, १४ वॅट होतात. अर्ध्या तासाने आधी वीज बंद करा आणि मगच हीटसिंकला हात लावा.