स्मोक अलार्म (धुराचा इशारा देणारं यंत्र) सतत 'चिक्' करतोय?
अमेरिकेतल्या घरात मिनिटाभराने एकदाच 'चिक्' असा आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा स्मोक अलार्मची बॅटरी उतरलेली असते. गारठ्यात तिचा जोर आणखी घटतो, म्हणून हे नेमकं पहाटे सुरू होतं. घरच्या विजेवर चालणाऱ्या अलार्ममध्येही सहसा राखीव बॅटरी असते, तीही बदला. तरीही थांबलं नाही तर अलार्मच्या मागच्या बाजूला छापलेली, तो बनवल्याची तारीख पाहा. 10 वर्षं उलटली असतील तर अलार्मच नवा घ्या. फोडणीच्या धुराने वाजत असेल तर तो शेगडीपासून किमान 10 फूट लांब बसवा. पण कंटाळून बॅटरी काढून ठेवू नका, अगदी एका रात्रीपुरतीसुद्धा! आणि सलग तीन-तीनदा जोरात वाजला, तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.