तलावाच्या पाण्याचे नमुने घेताय? या चुका टाळा

प्रयोगशाळेने कितीही काटेकोर तपासणी केली, तरी तिला तपासता येतं ते बाटलीत आलेलं पाणीच. तलावाकाठी झालेली चूक तिथे दुरुस्त होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेचा. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तलावात वारा सुटला की हिरवी साय एका काठाला गोळा होते. त्या काठावरून भरलेली बाटली फक्त त्या सायीची माहिती देते. नाल्याच्या तोंडाशी घेतलेला नमुनाही नाल्याचाच. तो हवा असेल तर वेगळा घ्या आणि तशी नोंद करा. तलावाच्या स्थितीसाठी शक्यतो होडीतून, लाइफ जॅकेट घालून, मोकळ्या पाण्यात जा. बाटली पालथी धरून ३० सेंटीमीटर खाली न्या, तिथे पाणी ज्या बाजूने वाहत येतं तिकडे तोंड वळवून भरा. होडी आत आणताना ढवळलेल्या गाळापासून लांब राहा.

विरघळलेल्या ऑक्सिजनचा, म्हणजे डीओचा नमुना सर्वांत नाजूक. बादलीतून पाणी वरून ओतलं की हवा मिसळते, आणि ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उगाच निरोगी दिसतं. बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या तपासणीसाठी) वापरतात त्या ३०० मिली बाटलीच्या तळापर्यंत रबरी नळी घाला, पाणी हळूहळू सोडा आणि बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून वाहू द्या. मग नळी सावकाश वर काढून तिरक्या टोकाचं काचेचं बूच लावा. बाटली उलटी करून पाहा. बुडबुडा दिसला तर ती पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा, वरून थोडं पाणी घालून भागवू नका. ऑक्सिजन बांधून ठेवण्यासाठी आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, ही दोन्ही रसायनं जागेवरच घाला. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पांढरा साका पाहून रसायन खराब समजून नमुना फेकू नका. घाण पाण्यात तोच खरा निकाल असू शकतो.

वेळेकडे फार कमी लोक लक्ष देतात. शेवाळाने भरलेल्या तलावात पहाटे डीओ सर्वांत कमी असतो आणि दुपारी फुगतो. २५ अंशांना संपृक्त पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, पण दुपारच्या उन्हात याहून जास्त आकडा येऊ शकतो. उपकरण बिघडलं असं लगेच समजू नका. एक महिना सकाळी आठला आणि पुढचा दुपारी तीनला नमुना घेतला, तर फरक तलावाचा की घड्याळाचा हे कळणार नाही. दर वेळी तीच वेळ ठेवा.

पीएचही काठावरच मोजा. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे हिरव्या पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो. अशा ठिकाणी मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणावर) जुळवून घेणं कामाचं नाही. ७ आणि ९.२ घ्या. लोणार सरोवराचा पीएच १० च्या आसपास असतो, तिथे १० चं बफर हवंच.

आम्लांची अदलाबदल ही दुसरी महागडी चूक. धातूंच्या नमुन्यात पीएच २ च्या खाली येईपर्यंत नायट्रिक आम्ल घालतात. त्याच बाटलीतून नायट्रेट तपासलं तर आम्लातलं नायट्रेटच मोजलं जातं. बीओडीच्या बाटलीत कुठलंच आम्ल नको. तेल-ग्रीसची काचेची बाटली तलावाच्या पाण्याने विसळू नका, तेल भिंतींना चिकटतं आणि आकडा वाढतो.

जिवाणूंची बाटली निर्जंतुक असली तरी झाकणाच्या आत बोट लागलं की ती वाया गेली. तिच्यात थोडी हवा राहू द्या, कारण प्रयोगशाळेत हलवून मिसळावं लागतं. आइसबॉक्समध्ये बर्फासोबत ठेवा, गोठू मात्र देऊ नका, आणि त्याच दिवशी पोचवा.

लेबल झाकणावर नको, बाटलीवर चिकटवा, कारण झाकणं सहज बदलतात. ठिकाण, खोली, तारीख, वेळ आणि घातलेलं रसायन पाण्याने न पुसणाऱ्या मार्करने लिहा. जलपर्णी काढायचं काम चालू होतं का, मूर्ती विसर्जन झालं होतं का, आदल्या रात्री पाऊस पडला का, हेही वहीत हवं. अचानक वाढलेल्या गढूळपणाचा उलगडा बहुतेक वेळा याच ओळींतून होतो.