महापालिकेच्या आस्थापनेत नवीन लागलायत? मग साहेबांच्या पगाराबद्दल थोडं

मी एका ड वर्ग महापालिकेत आस्थापना विभागात अकरा वर्षं काढली, सुरुवात ज्युनिअर क्लार्क म्हणून. दर भरतीनंतर नवीन पोरं हेच म्हणतात की शिपाई-क्लार्कचं बिल जमतं हो, पण उपायुक्त, शहर अभियंता, आरोग्य अधिकारी असली फाइल आली की घाम फुटतो. माझाही फुटायचा, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे साहेबाचा पगार महापालिकेत "ठरतो" हा गैरसमज काढून टाका. महासभेने ठराव केला तरी नवीन पद शासनाच्या मंजुरीशिवाय होत नाही, त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 51(4) पाठच करा, कारण प्रत्येक दुसऱ्या टिपणीत ते येतं. आयुक्त तर शासनच नेमतं, आपण फक्त पगार काढतो. सातव्या वेतन आयोगात तर राज्यातल्या समकक्ष पदापेक्षा जास्त वेतनश्रेणी द्यायची नाही असाच सूर होता, आणि ज्या पालिकांनी आधीपासून आपल्या मर्जीने वरच्या ग्रेड पे देऊन ठेवल्या होत्या त्यांच्याकडे तेव्हा जी पळापळ झाली ती विचारू नका. वरून आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, 35 टक्क्यांत ठेवायचा तो वेगळाच.

आता फिक्सेशन, म्हणजे नव्या आयोगात पगार बसवणं. 1 जानेवारी 2016 चा जुना बेसिक, म्हणजे जुन्या वेतन बँडमधलं वेतन अधिक ग्रेड पे (पदाच्या दर्जानुसार मिळणारी ठरलेली रक्कम), गुणिले 2.57, आणि येणारी रक्कम मॅट्रिक्सच्या, म्हणजे नव्या वेतन तक्त्याच्या, त्या लेव्हलमध्ये (एस-20 वगैरे) जिथे बसेल ती किंवा लगेच पुढची सेल, म्हणजे चौकट. समजा साहेबांचं 18,530 आणि ग्रेड पे 5,400, म्हणजे 23,930. गुणाकार 61,500 येतो. एस-20 मध्ये 61,300 आहे आणि पुढे 63,100, म्हणजे 63,100 द्यायचे. दोनशे रुपयांसाठी एक पूर्ण सेल वर जातं, आणि इथेच लोक "जवळची" सेल म्हणून 61,300 टाकून मोकळे होतात. आणि नुसते 15,600 अधिक 5,400 असेल तर गुणाकार 53,970 येतो, पण एस-20 सुरूच 56,100 पासून होतं, म्हणून 56,100.

गणित सोपं आहे हो, खरी मारामारी कागदाची. मी नवीन असताना एक वरिष्ठ अधिकारी प्रतिनियुक्तीवर आले, एलपीसी (आधीच्या ऑफिसचा शेवटच्या पगाराचा दाखला) यायचा होता आणि महिना संपत आला होता. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अरे बेसिक माझ्या स्लिपवर आहे ना, लाव तोच." मी लावला. स्लिपवरच्या बेसिकमध्ये एक इन्क्रिमेंट चुकून आधीच धरलेलं होतं, ते आठ महिन्यांनी एलपीसी आणि सर्व्हिस बुक आल्यावर कळलं, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेने पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, काढला. माझ्या नावाने नोटीस आली, साहेबांच्या नावाने नाही, हे लक्षात ठेवा.

त्या वेळी साहेब म्हणाले की सुप्रीम कोर्टाने वसुलीला मनाई केलीय. अर्धं खरं होतं. डिसेंबर 2014 च्या पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या निकालात वसुली करू नये अशा परिस्थिती सांगितल्यात, त्यात वर्ग तीन-चारचे कर्मचारी येतात, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे येतात, पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम गेली असेल तर तेही. वर्ग एकचा अधिकारी, आठ महिने, निवृत्तीला बरीच वर्षं, म्हणजे तो ढालीच्या बाहेर. शिवाय 2016 मध्ये कोर्टाने असंही म्हटलं की अधिकाऱ्याने जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलं असेल तर ते त्याला बांधील आहे. म्हणून विकल्पाच्या, म्हणजे नवी वेतनश्रेणी कधीपासून घेणार ते कळवायच्या, अर्जासोबत हमीपत्र घेतलंच पाहिजे, आणि ते फाइलला लागलं की नाही हे स्वतः बघा.

भत्त्यांवर थोडक्यात सांगतो. पालिकेच्या बंगल्यात राहणाऱ्याला एचआरए नाही, ऑफिसची गाडी घर-ऑफिस करत असेल तर वाहतूक भत्ता नाही. गाडी कोणाला आहे हे आस्थापनेला माहीतच नसतं, वाहन विभागाकडून यादी मागवायची, ती मागताना जरा वाईटपणा येतो पण तो एकदाच येतो. डॉक्टर अधिकाऱ्यांचा व्यवसायरोध भत्ता (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा) असेल तर डीए बेसिक अधिक तो भत्ता धरून काढायचा, नुसत्या बेसिकवर नाही, नाहीतर आरोग्य अधिकारी स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन येतात. प्रतिनियुक्तीवरच्यांचं रजा वेतन आणि पेन्शनचं अंशदान मूळ विभागाला भरायचं असतं, ते विसरलं की चार वर्षांनी व्याजासकट पत्र येतं.

प्रमोशन झालं की ऑर्डरच्या तारखेपासून एका महिन्यात विकल्प घ्या, लगेच फिक्सेशन की पुढच्या इन्क्रिमेंटपासून. साहेब लोक बिझी असतात म्हणून मी आजकाल दोन्ही हिशोब करून एका कागदावर नेतो आणि सही घेऊनच बाहेर येतो.

त्या साहेबांची वसुली शेवटी दहा हप्त्यांत झाली. नंतर त्यांची बदली झाली तेव्हा मीच एलपीसी बनवला, तीनदा तपासून, आणि त्यांनी तो सही करताना चौथ्यांदा तपासला.