कूलर गार मारतोय का? मग शर्ट ओला करून गाडी काढा

नागपुरात गाडीवर निघताना अंगात काय घालायचं, हे थर्मामीटरपेक्षा घरातला कूलर जास्त नेमकं सांगतो. एप्रिल-मेमध्ये खसाच्या ताट्यांतून गार हवा येते, कारण बाहेरची हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडून जातं. जूनच्या मध्यात पाऊस आला की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. अंगावरचा घामही याच हिशेबाने वाळतो. त्यामुळे मे महिन्याची युक्ती जुलैत चालत नाही आणि जुलैची मेमध्ये महागात पडते.

आपल्या कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर जाळीचं जॅकेट उत्तम. पारा 42-43 वर गेला की मात्र उलटं होतं: वारा अंग गार करायचं सोडून तापवायला लागतो. जाळीतून 70 च्या वेगाने लू आत शिरते, घाम कातडीवर टिकत नाही आणि ‘आज तर घामच नाही’ असं वाटत राहतं. पाणी तर अंगातून जातच असतं. अशा दिवशी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट पाण्यात बुडवा, ठिबकणार नाही इतका पिळा आणि त्यावर बिनजाळीचं जॅकेट घाला. समोरची चेन बंद ठेवा, मनगटाजवळ थोडं सैल सोडा. हवा बेताने आत जाईल आणि शर्टच तुमची खसाची ताटी होईल. अर्ध्या-पाऊण तासात तो वाळतो. तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, शर्ट पुन्हा ओला करायचा. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याचंही तसंच.

पिण्याचं पाणी तासाला निदान अर्धा लिटर धरा. नुसतं पाणी पुरत नाही: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, नाहीतर मीठ घातलेलं ताक सोबत घ्या. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाण्याची बाटली त्याच्या भरवशावर घरी विसरू नका. डोकं ठणकणं, उन्हात अंगावर काटा येणं, सोपे गिअर चुकणं यांपैकी काहीही झालं की गाडी सावलीत लावा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याचं अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वेळेबाबत मुळीच तडजोड नको. मेमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हाच निघा. रामटेक-खिंडसी साधारण 50 किलोमीटर, म्हणजे साडेनवाच्या आत घरी परत येता येतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी 12 ते 5 गाडी बाहेर काढू नये, आणि काढावीच लागली तर सिग्नलवर इंजिन बंद करा. डांबरावर गाडी उभी करताना साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर मऊ डांबरात स्टँड रुतून गाडी आडवी होते.

टायरच्या हवेत बहुतेकांची चूक एकच. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. मागच्या टायरमध्ये 29 पीएसआय भरून निघालात तर तापलेल्या सिमेंट रोडवर तासाभराने काटा 32-33 दाखवेल. हे ठरलेलंच आहे, कंपनीने आकडा थंड टायरचा धरूनच दिलेला असतो. तिथे घाबरून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी टायर मऊ राहतो, त्याच्या भिंती जास्त वाकतात, वाकण्याने आणखी तापतात आणि फुटण्याची वेळ येते ती त्यामुळे.

पहिल्या पावसात पहिला अर्धा तास चहाच्या टपरीवर काढा. उन्हाळाभर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यावर तरंगत असते, सगळ्यात जास्त सिग्नलपाशी. जोराची सर ते धुऊन नेते, रिमझिम मात्र नुसतंच कालवते. सिमेंट रोड आणि कडेचे गट्टू यांच्यामधली फट चाकाला समांतर आली तर चाक तिच्यात धरलं जातं. ती ओलांडायचीच असेल तर वेग कमी करून, शक्य तितकी तिरकी ओलांडा.

खरी परीक्षा काळ्या मातीची. ओल्या पांधणीवर, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेवर, दोनशे मीटरसुद्धा जाऊ नका. माती टायरला चिकटते, टायर ती मडगार्डखाली नेऊन ठासतो आणि पुढचं चाक जाम होतं. ॲक्सिलरेटर पिळून काही होत नाही, क्लच प्लेट मात्र जळतात. गाडी ढकलत बाहेर काढा आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरने माती खरवडा. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढतो तिथे डांबरावर चिखलाचे पट्टे पडतात. त्यांवरून गाडी सरळ ठेवून, ॲक्सिलरेटर स्थिर धरून आणि पुढच्या ब्रेकला हात न लावता जायचं.

दिव्यांगांसाठी मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं, म्हणजे साइड-व्हील लावलेल्या स्कूटरला हेच रस्ते वेगळे लागतात. ती घसरून पडत नाही, पण वळणावर झुकतही नाही. डावीकडे जोरात वळलात तर भार उजवीकडे जातो आणि डावं साइड-व्हील उचललं जातं. म्हणून वळणाआधीच वेग 20-25 वर आणा आणि अंग आतल्या बाजूला टाका. दोन्ही साइड-व्हीलमध्ये हवा सारखी हवी, 4-5 पीएसआयचा फरक असला तर हँडल एका बाजूला ओढतं. पावसात आणखी एक फजिती होते: दोन्ही साइड-व्हील उंचवट्यावर आणि मधलं, इंजिनचं चाक खळग्यावर अधांतरी. इंजिन किंचाळतं, स्कूटर जागची हलत नाही. त्यामुळे खड्डा मध्ये घेऊ नका, एक साइड-व्हील त्यातून जाऊ द्या. पावसाळ्यात दर आठवड्याला ब्रॅकेटचे बोल्ट आवळा आणि वेल्डिंगजवळचा रंग तडकलाय का ते पाहा. गंज तिथूनच सुरू होतो.

ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांनी उन्हाळ्यात बसण्याआधी सीट आणि पाय टेकतो तो पत्रा हाताने तपासावा, कारण चटका बसल्याचं कळणार नाही. मणक्याला वरच्या भागात इजा असेल तर इजेच्या खाली घाम नीट येत नाही. त्यांच्यासाठी ओला शर्ट आणि वर सांगितलेली पहाटेची वेळ ही सोय नव्हे, गरज आहे.

‘पोळा अन् पाऊस झाला भोळा’ म्हणतात, पण सर्वांत आवडीचे दिवस सुरू होतात ते ऑक्टोबरच्या मध्यापासून. त्यातही ऑक्टोबरमध्ये गावाजवळच्या रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन जपा: दाणे चाकाखाली छऱ्यांसारखे फिरतात. अमरावतीकडे जायचं तर जुना कोंढाळी-तळेगावचा रस्ता, कारण समृद्धी महामार्गावर दुचाकी-तीनचाकींना परवानगी नाही.

डिसेंबर-जानेवारीत हवा 8 अंश असेल आणि वेग 60, तर अंगाला ती साधारण 2 अंशांची लागते. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो. घाईत हातमोजे घ्यायचे राहिले तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र तरी घाला, धड गरम राहिलं की हातांकडे रक्त पोचतं. कन्हान नदीच्या पुलाजवळ पहाटे धुकं असेल तर हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवा. काच आतून धुरकटू नये म्हणून आदल्या रात्री भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसून घ्या, पाण्याने धुऊ नका.