थोडासा वेग की सोपा कोड: निर्णय कसा घ्यावा

पायथनमध्ये बिलांच्या यादीतून एकूण आणि सर्वांत मोठी रक्कम काढायची असेल, तर 'सम' आणि 'मॅक्स' ही फंक्शने स्वतंत्रपणे वापरावीत. यादी दोनदा वाचली जाते म्हणून दोन्ही कामे एकाच लूपमध्ये कोंबण्याचा मोह होतो. परंतु नेहमीच्या सीपायथनमध्ये (पायथन चालवणाऱ्या सर्वांत प्रचलित प्रोग्राममध्ये) ही अंगभूत फंक्शने सी भाषेत लिहिलेली असल्यामुळे हाताने लिहिलेला लूप बहुधा अधिकच हळू ठरतो.

वेगासाठी कोड बदलण्यापूर्वी 'सीप्रोफाइल' या पायथनच्या वेळ मोजणाऱ्या साधनाने प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते पाहावे. डेटाबेसच्या एका क्वेरीलाच काही मिलिसेकंद लागत असतील, तर मायक्रोसेकंद वाचवण्यासाठी दुर्बोध कोड लिहिणे मला अजिबात समर्थनीय वाटत नाही, कारण तो पुढे दुसऱ्या कोणाला तरी दुरुस्त करावा लागतो.

मात्र डेटाबरोबर खर्च कसा वाढतो, हे अवश्य तपासावे. १०,००० नावांपैकी प्रत्येक नाव तितक्याच लांबीच्या दुसऱ्या लिस्टमध्ये शोधल्यास तुलना १० कोटींपर्यंत जातात. त्या लिस्टचा आधी सेट (ज्यात एखादी नोंद सगळ्या न तपासता जवळजवळ थेट सापडते असा संग्रह) करून घेतला, तर कोड तितकाच सोपा राहून हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. मोजमापानंतरही गुंतागुंतीचा मार्ग घ्यावाच लागला, तर तो एका छोट्या फंक्शनपुरता ठेवावा, मोजलेले आकडे कॉमेंटमध्ये लिहावेत आणि जुनी सोपी आवृत्ती चाचणीत उत्तरे ताडून पाहण्यासाठी जपावी.